तोंडात अडकलेला ‘मी’

तमाम अकोला, अमरावती आणि मधल्या सर्व गावांतील नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अकोल्याच्या जठारपेठेत साड्यांचं दुकान चालवणाऱ्या दिलीप नामक इसमाला आत्मज्ञान झालेलं आहे. दर्शनासाठी गर्दी करू नये. हार-नारळ आणू नयेत. काही आणायचंच असेल तर गरम कचोरी आणावी आणि डॉक्टरांना सांगू नये. सदर आत्मज्ञान गुहेत, झाडाखाली किंवा डोंगरावर झालेलं नसून अमरावतीच्या एका हॉस्पिटलात, मागून उघडा असलेला हिरवा झगा अंगात असताना झालेलं आहे, याची भाविकांनी नोंद घ्यावी.

दवंडी संपली. आता सरळ सांगतो.

मला मेंदूचा झटका आला. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणाले, माझी थोरली बहीण आक्का ‘डोक्यातला लकवा’ म्हणाली. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. कोणाच्या घरी असं झालं असेल आणि तुम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हे वाचत असाल, तर हे लिखाण तुमच्यासाठी आहे. हसलात तरी चालेल. आम्हीही हसलो, फक्त थोडं उशिरा.

आधी मी कोण होतो

वाचा गेली म्हणजे माझं नेमकं काय गेलं, हे कळायला मी कोण ते सांगावं लागेल. माझ्या दुकानात बाई ब्लाउजपीस घ्यायला येते आणि दोन गोष्टी ऐकून, साडी घेऊन जाते. अकोल्यातल्या निम्म्या लग्नांत माईक माझ्या हातात असतो. वरपक्षाला वाटतं मी त्यांचा, वधूपक्षाला वाटतं त्यांचा. गणेशोत्सवातल्या नाटकात रडणं-मरणंही माझ्याच वाट्याला. बोलणं हाच माझा धंदा, माझं व्यसन आणि माझा व्यायाम.

पन्नाशी ओलांडल्यावर मात्र मी सत्संगाला जायला लागलो. आमच्या गल्लीत राहणारे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते दर गुरुवारी संध्याकाळी बैठक घेतात. माणूस सज्जन. त्यांचं सांगणं एवढंच की सगळ्या दुःखाचं मूळ ‘मी’ आहे, तो सोडा. इतर लोकांनी ऐकलं, घरी गेले, वरण-भात खाल्ला. मी मात्र प्रत्येक गोष्ट भूमिका मिळाल्यासारखी करतो. मी ‘मी’ म्हणणंच बंद केलं. “या देहाला चहा हवा आहे,” असं म्हणायला लागलो.

त्यापाठोपाठ भाषा बदलली. वऱ्हाडीत शांत बोलताच येत नाही हो! नुसतं ‘बसा’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, भांडण झालं. म्हणून ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काहून’चं ‘का बरं’ झालं. गोष्टी सांगणं थांबवलं, कारण त्यात फुशारकी असते. भांडणं बंद केली. बायकोला ‘सुनंदाजी’ म्हणू लागलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं की कोण बाई आली.

थोडक्यात, मी हळूहळू एक अत्यंत सभ्य, शांत आणि कंटाळवाणा मनुष्य होत चाललो होतो आणि त्याला प्रगती म्हणत होतो.

झटक्याचा दिवस

अमरावतीला सत्संगाचं शिबिर होतं. नानांनी मला बोलायला सांगितलं. विषय: मीपणाचा त्याग.

मी उभा राहिलो. पांढरा झब्बा, हात जोडलेले, चेहऱ्यावर सरावाने कमावलेलं मंद हसू. “मी,” अशी सुरुवात केली. पुढचं वाक्य होतं, “मी हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो?” पण पुढचं वाक्य आलंच नाही. “मी,” मी पुन्हा म्हणालो. डोक्यात सगळं तयार होतं, पण तोंडातून एकच माल बाहेर पडत होता. “मी. मी... मी. मी!”

सभा थक्क झाली. केवढा परिणामकारक प्रारंभ! एकाच शब्दात अहंकाराचं हुबेहूब चित्रण! टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले. माझं तोंड डावीकडे ओढलं गेलं, तेव्हा टाळ्या वाढल्या. उजवा हात जोडलेल्या अवस्थेतून सुटून लोंबकळला, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी “वा!” म्हणालं. माझी नाट्यकलेची ख्याती अशी अंगाशी आली.

बायकांच्या बाजूने सुनंदा उठली. तिने मला एवढी वर्षं खोटं रडताना, खोटं मरताना, खोटं शांत असताना पाहिलेलं आहे. ती खुर्च्या ढकलत पुढे आली आणि ओरडली, “टाळ्या काय वाजवून राहिले? हे नाटक नाई! गाडी काढा!”

वेळेत पोचलो म्हणून वाचलो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तेव्हा या सगळ्या लेखातलं कामाचं वाक्य इथेच लिहून ठेवतो: कोणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडलं तर कौतुक करू नका, गाडी काढा.

एकाक्षरी मुक्काम

दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर भला तरुण माणूस होता.

“नाव काय काका?”

“मी.”

“कुठे राहता?”

“मी.”

“दुखतंय कुठे?”

“मी.”

मग त्याने सुनंदाकडे बोट दाखवलं. “ह्या कोण?”

मी तिच्याकडे नीट पाहिलं. मनापासून उत्तर दिलं. “मी.”

सुनंदा बाहेर जाऊन रडली. ज्याने ‘मी’ सोडायचा विडा उचलला होता, त्याच्या तोंडात सगळी भाषा जाऊन तेवढाच एक शब्द राहिला होता. देवाला विनोदबुद्धी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझी केस बघावी.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या पहिल्या दिवसांत माझ्या डोक्यात विलक्षण शांतता होती. बाहेर शब्द नव्हते तसे आतही नव्हते. कुठली काळजी नाही, दुकान आठवत नाही, कोणाचा राग नाही, कोणासमोर मिरवायचं नाही. पंखा फिरतो आहे, सलाईन ठिबकतं आहे, आणि कोणीतरी ते बघतं आहे. नानांनी वर्णन केलेली अवस्था हीच. वर्षानुवर्षं मांडी घालून गुडघे दुखवून घेतले, आणि ती अशी पलंगावर आडवं पडून मिळाली.

एका दुपारी सुनंदा पलंगाच्या दांडीला डोकं टेकून रडत होती. मी तिच्याकडे पाहत होतो, आणि मला काहीही वाटत नव्हतं. पंख्याकडे पाहावं तसंच तिच्याकडे पाहत होतो. आज हे आठवलं की अंगावर काटा येतो. घर झाडून-पुसून लख्ख होतं, पण घरात माणूस नव्हता.

दाराशी तिचं आणि आक्काचं बोलणं मला ऐकू आलं. आक्का जवळच्याच वलगावची. तिचं शेत, म्हशी आणि आवाज ही तिन्ही मोठी. रोज डबा घेऊन यायची.

“आक्का, थे परत येतीन ना वं? का असेच पाहत राहतीन?”

“येईन थो,” आक्का म्हणाली. “त्याले गप बसता येते का? पाळण्यात होता तवाबी माय कटाळून जाये.”

पण तिचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलणं किती येईल, येईल की नाही, हे पुढचे काही आठवडे ठरवतील.

शेजारचा पलंग

शेजारी बाळापूरचे रशीदभाई होते, गाद्या भरायचा व्यवसाय. पाय मोडून आले होते आणि गप्पांना भुकेले होते. ते मला त्यांच्या जावयांच्या तक्रारी सांगायचे. मी योग्य जागी “मी” म्हणायचो. कधी आश्चर्याने, कधी सहानुभूतीने. एकदा ते सुनंदाला म्हणाले, “भाभी, ऐसा शरीफ आदमी नहीं देखा. बीच में एक बार टोकते नहीं!”

सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तिचं हसू बघून माझ्या छातीत काहीतरी किंचित हललं. त्यावेळी ते कळलं नाही. आज वाटतं, रशीदभाईंच्या जावयांचे माझ्यावर उपकार आहेत.

शेवट आधी

मग तो दिवस उजाडला. अकोल्याहून नाना आणि सत्संगाची चार-पाच मंडळी मला बघायला आली. बाळापूरहून माझा साळा प्रकाश आला. आक्का डब्यासकट हजर होती. एवढी माणसं एका वेळी आत येऊ द्यायची नसतात, पण आक्काला अडवेल अशी नर्स अजून जन्मायची आहे.

नाना माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. हात जोडून म्हणाले, “काय शांती आहे चेहऱ्यावर! दिलीपराव फार वरच्या अवस्थेला पोचले.”

“अवस्था कायची नाना,” आक्का म्हणाली, “त्याचं तोंड वाकडं झालं हाय!”

सत्संगाची मंडळी सलाईनच्या बाटलीकडे पाहू लागली. ती कोंडी फोडायला प्रकाशने माझीच एक गोष्ट सांगायला घेतली. ती गोष्ट म्हणजे माझ्या दुकानाची खरी पुंजी. माझ्या लग्नाची वरात बाळापुरात आली, त्याच वेळी दुसरीही वरात आली, बँडच्या गोंधळात माझी घोडी भलत्याच मांडवात शिरली. तिथे माझं औक्षण झालं, मला खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं. इतक्यात तिथला खरा नवरदेव आला. दोन नवरदेव समोरासमोर! मुलीच्या बापाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “मले तं हाच बरा वाटून राहिला.”

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा घोडीची चाल करून दाखवतो, सरबत पितो, आणि शेवटच्या वाक्याआधी इतका थांबतो की ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो. त्या थांबण्यात माझी सारी कमाई आहे.

आणि प्रकाशने सुरुवात काय केली? “भाऊजींच्या लग्नात गंमतच झाली. एका मुलीचा बाप म्हने, मले हाच नवरदेव बरा वाटून राहिला! झालं काय होतं, की वरात...”

त्या लख्ख, झाडलेल्या, निर्मळ शांततेच्या अगदी तळाशी एक ठिणगी पडली. शेवट! शेवट आधी सांगितला! ती ठिणगी पोटातून छातीत आली, छातीतून गळ्यात, आणि मी उठून बसत डाव्या हाताने गादीवर थाप मारून ओरडलो:

“अबे, शेवट आधी काहून सांगून राहिला बे?”

आक्काच्या हातातला डबा पडला. पिठलं नानांच्या धोतरावर. रशीदभाई म्हणाले, “या अल्लाह, ये तो बोलते हैं!” प्रकाश, ज्याला एवढं झापलं होतं, तो हुंदके देऊन रडत होता. सुनंदाने माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू सोडलं तर शब्द परत आत जातील.

आत्मज्ञान ते हेच. थट्टा करतो आहे असं वाटेल, पण याबाबतीत करत नाही. त्या क्षणी मी चिडलेला होतो, बढाईखोर होतो, माझ्या गोष्टीच्या मालकीहक्कासाठी साळ्यावर धावून गेलो होतो. आणि तो बघणारा, तो साक्षी, तोही तिथेच होता. कुठे गेला नव्हता. पण तो निर्विकार नव्हता. तो हसत होता. हरवलेली गाय संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात आल्यावर घरधन्याचा चेहरा होतो ना, तसा त्याचा होता. इतकी वर्षं मी देवाच्या भेटीला निघालो होतो, आणि निघताना स्वतःला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावलं होतं. तिकडे देव घरात येऊन त्या कोंडलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकत बसला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नाना पिठलं झटकत होते. आणि तेही हसत होते, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

‘राहिलं’ नावाचा दोष

दुसऱ्या दिवसापासून बोलणं शिकवायला मृण्मयी मॅडम आल्या. पुण्याच्या, नुकत्याच अमरावतीला रुजू झालेल्या. त्या मला चित्रं दाखवायच्या आणि मी वर्णन करायचं.

“काका, मुलगा काय करतोय?”

मी बराच वेळ शब्द गोळा केले. “पोट्टं... पानी... पिऊन राहिलं.”

“मुलगा पाणी पितोय. म्हणा.”

“पोट्टं पानी पिऊन राहिलं.”

“बरं. ही बाई?”

“भाकर... करून राहिली.”

मॅडमनी भुवया आक्रसल्या. बाहेर जाऊन सुनंदाला गंभीरपणे म्हणाल्या, “शब्द परत येतायत, ही चांगली गोष्ट आहे. पण क्रियापदाची रचना फार बिघडली आहे. ‘राहिलं’ हा शब्द विनाकारण मधे येतोय. प्रत्येक वाक्यात येतोय.”

सुनंदाने पदर तोंडावर धरला. “मॅडम, थो शब्द आमच्याकडे सगळ्यांच्याच मधे येते.”

“म्हणजे सगळ्यांनाच...?”

“नाई नाई! झटका एकट्यालेच आला!”

मॅडमना उलगडा झाला तेव्हा त्या लाल झाल्या आणि मग इतक्या हसल्या की बाकावर बसल्या. “पण तुम्हीच तर सांगितलंत, काका शुद्ध बोलायचे!”

“थे सत्संगात गेल्यापासून. त्याच्या आधी असेच बोलत.”

मग मॅडमनी सांगितलं की माणसाने आधी आणि जिवाभावाने जे शिकलेलं असतं, ते बऱ्याचदा खाली टिकून राहतं. वरचा थर पुसला तरी. म्हणजे मी नंतर चढवलेली सगळी सभ्यता एका झटक्यात पुसली गेली होती आणि आतला, आक्काचा जुना दिल्या शाबूत होता. पुढे मॅडमनी आक्कालाच समोर बसवलं. आक्का विचारायची, मी उत्तर द्यायचो. माझी ‘ळ’ आणि ‘र’ची कसरत चालली की आक्का म्हणायची, “घाई कायची हाय? म्हशी मी दोहून आली.”

लोणचं आणि चप्पल

सगळं छान झालं असं सांगितलं तर ती लबाडी होईल. घरी आल्यावरचे दिवस दवाखान्यापेक्षा कठीण होते. दवाखान्यात निदान सगळेच आजारी असतात. घरी मी एकटा आजारी आणि सुनंदा एकटी धडधाकट. दुकान तिने सांभाळायचं, गोळ्या तिने द्यायच्या, माझा हात तिने चोळायचा. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताना मला रडू यायचं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करायचो. शिवाय शब्द भलतेच यायचे. मनात एक, तोंडात दुसरा.

एका जेवणाला मी म्हणालो, “चप्पल दे.” तिने आणली. मी चिडून मान हलवली. “कात्री दे!” आणली. “नाई! थे! रिमोट!”

“लोनचं म्हना ना मंग!” सुनंदा कडाडली. “सकायपासून नुसती आनून राहिली, नेऊन राहिली! मी का हमाल हाय?”

“मले शब्द सापडून नाई राहिला, तं मी काय करू?” मी दुप्पट आवाजात.

“सापडत नाई तं बोट दाखवा! डावं बोट तं चालते ना!”

शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून. आम्ही दोघं धापा टाकत एकमेकांकडे पाहत होतो. कित्येक वर्षांत आम्ही असं पोट भरून भांडलो नव्हतो. सुनंदा मटकन पाटावर बसली आणि म्हणाली, “तुमी ‘सुनंदाजी’ म्हनत होते ना, तवा वाटे, घरात कोनी पाहुना राहून राहिला. रोज त्याची बडदास्त ठेवा, आन् थो जायचं नाव घेत नाई.”

मग तिने ताटात लोणचं वाढलं. एकच फोड. डॉक्टरांनी बंदी घातलेली. ती फोड मी जिभेवर ठेवली, आणि उजव्या गालाला तिची चव लागली. तोवर त्या बाजूला काहीच लागत नव्हतं. देवाचे उपकार मोजायला बसलो तर ती फोड मी फार वर ठेवीन.

आजही मी ध्यानाला बसतो. बसल्यावर मन दुकानात जातं, शेजाऱ्याशी भांडतं, कोणी केलेलं कौतुक पुन्हा ऐकतं. पूर्वी मी त्याला कान धरून परत आणायचो. आता म्हणतो, ये बाप्पा, तूही बस. जागा आहे.

अंतर्बाह्य बदललेला माणूस

बोलणं बऱ्यापैकी आल्यावर नानांनी निरोप पाठवला की गुरुवारी बैठकीत अनुभव सांगा. मी घाबरलो. घरात चप्पल-लोणचं चालतं. लोकांसमोर तोंड पुन्हा बंद पडलं तर? सुनंदा म्हणाली, “नका जाऊ.” मग झब्बा बाहेर काढून ठेवला आणि वलगावला फोन करून आक्कालाही बोलावून घेतलं.

जठारपेठेतला तो छोटा हॉल भरला होता. नानांनी ओळख करून दिली. “मृत्यूच्या दारातून परतलेले, या आजाराने अंतर्बाह्य बदलून गेलेले आपले दिलीपराव!” पहिल्या रांगेत आक्का आणि सुनंदा शेजारी शेजारी. आक्काला अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे ती कानात बोलते तेही सगळ्या खोलीला ऐकू जातं.

मी माईक डाव्या हातात घेतला. लोक भक्तिभावाने बघत होते. पहिलं वाक्य अडखळलं, दुसऱ्यात एक शब्द भलताच आला, लोक हसले. आणि ते हसले तसा माझ्या अंगात वारा शिरला. मी टाळ्यांचा प्रसंग सांगितला. तोंड वाकडं करून दाखवलं. डॉक्टर झालो, रशीदभाई झालो, पिठलं झालो. हॉस्पिटल होतं त्यापेक्षा दोन मजले उंच केलं. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संख्या वाढवली. मृण्मयी मॅडमना थेट लंडनहून आणलं. सुनंदा मान हलवून ‘नाही, नाही’ करत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटच्या वाक्याआधी मी थांबलो. इतका थांबलो की हॉलमध्ये पंख्याशिवाय काही ऐकू येईना.

त्या शांततेत आक्का सुनंदाच्या कानाशी वाकली आणि साऱ्या जठारपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“काय वं सुनंदे, एवढं सगळं होऊनबी हा तं होता तसाच निंगाला!”